पिस्तूल-रिव्हॉल्व्हर साफ करताना कोणते द्रावक वापरावे?

प्रश्न : वडिलांच्या पश्चात रीतसर परवाना काढून त्यांचे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर मी माझ्या नावावर करून घेतले आहे. वडील दरवर्षी खंडेनवमीला शस्त्रपूजेआधी ते पेट्रोलमध्ये बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने घासत आणि नंतर शिलाई मशीनचे तेल लावत. माझा मुलगा म्हणतो की पेट्रोल धोक्याचे आहे, त्याऐवजी गॅरेजमध्ये मिळणारा ब्रेक क्लीनरचा फवारा वापरावा. शेजारचे गृहस्थ रंगकामाचे थिनर सुचवतात. यांपैकी सुरक्षित काय? — एक वाचक, तासगाव

उत्तर : पेट्रोलबाबत आपल्या मुलाचे म्हणणे पूर्ण बरोबर आहे, ब्रेक क्लीनरबाबतचे मात्र नाही, आणि थिनरचा विचार तर सोडूनच द्यावा. आपले वडील साफसफाईनंतर जे तेल लावत ते योग्यच होते. आजही शिलाई मशीनचे पातळ खनिज तेल घरगुती वापराच्या रिव्हॉल्व्हरला पुरेसे आहे.

कोणत्याही द्रावकाची बाटली उघडण्याआधी सिलिंडर, म्हणजे काडतुसे भरायचा फिरता भाग, बाहेर काढून त्यातली सर्व घरे रिकामी आहेत हे डोळ्यांनी पाहून आणि बोटाने चाचपून घ्यावे, आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत, शक्यतो कुलपात ठेवावीत. काडतुसे लांब ठेवण्याचे कारण केवळ अपघाताचे नाही. पातळ द्रावक आणि तेल काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीच्या सांध्यातून आत झिरपू शकते आणि टोपीतला मसाला निकामी करू शकते. म्हणूनच तेलाने माखलेल्या सिलिंडरमध्ये काडतुसे भरून ठेवण्याची सवयही वाईट.

आता पेट्रोल. द्रवाच्या पृष्ठभागावरची वाफ ज्या किमान तापमानाला ठिणगी लागताच पेट घेऊ शकते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो, म्हणजे आपल्या हवामानात ते बाराही महिने पेटायच्या तयारीत असते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती वर उडून जात नाही. ती जमिनीलगत पसरत जाते आणि दोन खोल्या पलीकडच्या शेगडीपर्यंत किंवा फ्रिजच्या ठिणगीपर्यंत पोहोचू शकते. खंडेनवमीच्या सकाळी देवघरात समई आणि निरांजन तेवत असताना त्याच घरात पेट्रोलच्या वाटीत ब्रश बुडवणे हे किती धोक्याचे आहे, याची कल्पना यावरून यावी. इतकी वर्षे काही झाले नाही, हा सुरक्षिततेचा पुरावा होत नाही.

पेट्रोलवर आणखी दोन आक्षेप आहेत. त्यात थोड्या प्रमाणात बेंझीन असते, आणि बेंझीनमुळे माणसाला रक्ताचा कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे; उघड्या हातांनी पेट्रोल चोळणे आणि त्यावर ओणवे होऊन वाफ हुंगणे यातून ते थेट शरीरात जाते. शिवाय आपल्याकडे पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. वडिलांच्या काळातले पेट्रोल निदान पोलाद कोरडे तरी ठेवत असे. आजच्या पेट्रोलविषयी तेवढीही खात्री देता येत नाही.

ब्रेक क्लीनर हे एका पदार्थाचे नाव नसून अनेक मिश्रणांचे आहे, आणि अडचण तिथेच सुरू होते. काही फवाऱ्यांत टेट्राक्लोरोएथिलीन किंवा तत्सम क्लोरीनयुक्त द्रावक असते. ते सहजी पेटत नाही, म्हणून लोकांना ते सुरक्षित वाटते. पण बंद खोलीत त्याच्या वाफेने गरगरते, यकृत आणि मज्जासंस्थेवर परिणाम होतो, आणि तापलेल्या पृष्ठभागावर किंवा ज्योतीशी गाठ पडली तर त्यातून फॉस्जीन तयार होऊ शकतो. हा तोच वायू, जो पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांवर सोडला गेला होता. याच कुटुंबातले ट्रायक्लोरोएथिलीन कर्करोगकारक ठरले असून अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये त्याच्या सर्व वापरांवर बंदी घालणारा नियम जाहीर केला. दुसऱ्या प्रकारच्या फवाऱ्यांत क्लोरीन नसते, पण ॲसिटोन, हेप्टेन यांसारखी झटकन पेटणारी द्रवे असतात, आणि डब्यातून फवारा उडवण्यासाठी भरलेला वायूदेखील पुष्कळदा स्वयंपाकाच्या गॅसच्याच जातीचा असतो. दोन्ही प्रकार पोलादावरचा तेलाचा शेवटचा थरही धुऊन नेतात. पावसाळ्यात असे उघडे पडलेले पोलाद एका रात्रीत तांबूस होऊ शकते. गॅरेजवाल्याला ब्रेकच्या चकतीवर तेलाचा अंशही नको असतो, म्हणून त्याचे ते साधन; आपल्याला नेमके उलट हवे आहे.

थिनरमध्ये टोल्यूइन, ॲसिटोन, काही वेळा मिथेनॉल अशी द्रवे असतात. लाकडी मुठीचे पॉलिश आणि प्लास्टिकच्या मुठीचा पृष्ठभाग त्याने क्षणात खराब होतो. मिथेनॉल तर विषच आहे.

मग वापरावे काय? त्यासाठी नळीत नेमकी कोणती घाण बसते ते पाहिले पाहिजे, कारण कोणतेही एकच द्रावक सगळी घाण काढत नाही, आणि बाजारातल्या बाटल्यांवरचे दावे वाचताना ही गोष्ट हमखास विसरली जाते. काजळी, काडतुसातल्या दारूचे अर्धवट जळालेले कण आणि जुन्या तेलाचा चिकट थर ही घाण सगळ्यांत जास्त असते, आणि ती सौम्य खनिज द्रावकात भिजून सुटते. गोळीचे शिसे नळीच्या आट्यांत, म्हणजे आतल्या पिळदार खाचांत, माखते; ते रॉकेल, टर्पेंटाइन, महागडे आयात द्रावक, कशातच विरघळत नाही. द्रावक फक्त त्याच्या आजूबाजूची काजळी सोडवते, शिसे मात्र ब्राँझच्या ब्रशने खरवडूनच काढावे लागते. तांब्याचा थर पडतो तो तांब्याचे कवच असलेल्या गोळ्यांमुळे; आपल्या रिव्हॉल्व्हरमध्ये उघड्या शिशाच्या गोळ्या वापरल्या जात असतील, तर तांबे काढणाऱ्या अमोनियायुक्त द्रावकाची आपल्याला गरजच नाही.

म्हणून आपल्यासारख्या वर्षाकाठी मोजक्या गोळ्या झाडणाऱ्या परवानाधारकाला माझी शिफारस साधी आहे. रंगाच्या दुकानात मिळणारे मिनरल टर्पेंटाइन, ज्याला तिथे ‘टर्पेंटाइन’ किंवा ‘एमटीओ’ म्हणतात, किंवा खुल्या बाजारातले पांढरे रॉकेल घ्यावे. रेशनचे निळे रॉकेल स्वयंपाकासाठी आणि दिव्यासाठीच असते, त्याला हात लावू नये. स्टीलच्या छोट्या वाटीत दोन-तीन चमचे घेतले तरी संपूर्ण रिव्हॉल्व्हर साफ होते. काम ओसरीत किंवा गच्चीवर, सावलीत करावे. नळीत ओली चिंधी फिरवून पाच-दहा मिनिटे थांबावे, मग ब्राँझचा ब्रश मारावा, मग कोरड्या चिंध्या एकामागून एक फिरवाव्यात. चिंधी जवळजवळ पांढरी बाहेर आली की पुरे. ती झगझगीत पांढरी निघेपर्यंत घासत बसणारे लोक काजळीपेक्षा नळीचेच जास्त नुकसान करतात. सिलिंडरचे पुढचे तोंड आणि त्यासमोरची नळीची कड येथे राख दगडासारखी बसते. तिथे चाकूचे टोक न लावता ओली चिंधी काही वेळ दाबून ठेवावी. द्रावक पूर्ण उडून गेल्यावर तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा. तेल ठिबकत असेल तर ते जास्त झाले. झाडण्याआधी नळीतून पुन्हा एकदा कोरडी चिंधी काढावी.

रॉकेलही निर्धोक नाही, हे विदर्भातल्या वाचकांसाठी मुद्दाम सांगतो. भारतीय मानकाप्रमाणे रॉकेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश असावा लागतो. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी त्यामुळे मोठा दिलासा मिळतो. चंद्रपुरात मे महिन्याच्या दुपारी पारा ४५ च्या पुढे असताना तेच रॉकेल पेट्रोलसारखेच ठिणगीची वाट पाहत असते. तिथे हे काम पहाटे करावे.

एक अपवाद राहिला. जुन्या काळच्या पुष्कळ काडतुसांच्या, विशेषतः लष्करी साठ्यातल्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळल्यावर मागे पोटॅशियम क्लोराइड उरते, जे मिठाच्याच जातीचे आहे आणि मिठासारखेच दमट हवेतले पाणी ओढते. रॉकेल, टर्पेंटाइन आणि तेल यांत मीठ विरघळत नाही. नळी चिंधीला स्वच्छ दिसते आणि आठवड्याने आतून गंजलेली निघते, त्याचे कारण हेच. वडिलांच्या पेटीत कोणत्या सालची आहेत हे ठाऊक नसलेली काडतुसे सापडली, तर ती झाडूच नयेत, ती परवानाधारक विक्रेत्याला किंवा पोलिसांना दाखवावीत. पण अशी काडतुसे झाडली गेलीच असतील, तर त्या दिवशीचे पहिले द्रावक म्हणजे साबणाचे गरम पाणी. नळी आणि सिलिंडर त्याने धुऊन, लगेच कोरडे करून, मगच टर्पेंटाइन आणि तेल. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या .३२ च्या काडतुसांच्या बुडावर पुष्कळदा ‘के. एफ.’ अशी खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण असते. विकत घेताना डब्यावरचे वर्ष पाहून घ्यावे आणि डबा जपून ठेवावा.

प्रश्न : मी .२२ स्पोर्ट पिस्तूल प्रकारात स्पर्धांसाठी बालेवाडीला सराव करते. घर दोन खोल्यांचे आहे आणि मुलगा दीड वर्षाचा आहे. आयात केलेल्या द्रावकाचा गोडसर वास रात्रभर घरात राहतो. सासूबाईंना तो बाधतो, मला मात्र त्याची सवय झाली आहे. वास नसलेले द्रावक घेतले तर प्रश्न सुटेल का? — एक नेमबाज, पुणे

उत्तर : वासाचा प्रश्न सुटेल, धोक्याचा सुटणार नाही, आणि आपल्या घरात खरा धोका द्रावकाचा नसून चिंधीवर येणाऱ्या काळ्या घाणीचा आहे.

काही प्रसिद्ध द्रावकांना पिकलेल्या केळ्यासारखा जो वास येतो तो बहुधा अमाइल ॲसिटेट या पदार्थाचा असतो. वास तीव्र म्हणजे विषारी आणि सौम्य म्हणजे निर्धोक, असा हिशेब लावता येत नाही. बिनवासाचे टर्पेंटाइनही बंद खोलीत डोके दुखवते, आणि सवय होणे म्हणजे नाक थकणे, शरीर निबर होणे नव्हे. सासूबाईंच्या नाकावर विश्वास ठेवावा.

शिशाकडे मात्र नीट लक्ष द्यावे लागेल. .२२ च्या गोळ्या बहुतेक उघड्या शिशाच्या असतात, आणि काडतुसाच्या कडेत भरलेल्या स्फोटक मसाल्यात सामान्यतः लेड स्टिफनेट हे शिशाचे संयुग असते, म्हणजे गोळीबरोबरच धुरातूनही शिसे येते. ते पिस्तुलाच्या आतल्या भागांवर, आपल्या मनगटावर, बाहीवर आणि सरावाच्या पिशवीवर बारीक धुळीच्या रूपात बसते. शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणता येत नाही अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे, आणि लहान मुलांच्या वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम सर्वाधिक होतो. दीड वर्षाचे मूल जमिनीवर रांगते, हाताला लागेल ते तोंडात घालते. ज्या जेवणाच्या टेबलावर पिस्तूल उघडले, त्यावर वर्तमानपत्र पसरले होते एवढ्याने भागत नाही.

तेव्हा आपल्या बाबतीत द्रावक निवडण्याआधी जागा निवडावी. शक्य असेल तर साफसफाई रेंजवरच उरकावी. ते जमत नसेल तर बाल्कनीत, मूल झोपलेले असताना, खोलीकडचे दार लावून घेऊन करावी. वातानुकूलित खोली याला सर्वांत वाईट, कारण तिथे तीच हवा फिरत राहते. खाली स्टीलचा किंवा प्लास्टिकचा पसरट ट्रे ठेवावा, कापड अंथरू नये. हातात नायट्राइलचे मोजे घालावेत. घरातले लॅटेक्सचे मोजे खनिज द्रावकात फुगून ढिले पडतात. नायट्राइल रॉकेल-टर्पेंटाइनला चांगले टिकते, ॲसिटोनला मात्र नाही. कोरडी काजळी ब्रशने झाडू नये, तिने धूळ उडते. आधी ओले करावे, मग पुसावे. झाल्यावर हात थंड पाण्याने आणि साबणाने भरपूर चोळून धुवावेत. हाताला सॅनिटायझर लावल्याने शिसे निघत नाही, ते फक्त पसरते. सरावाचा टी-शर्ट बाळाच्या कपड्यांत धुवू नये. आणि मुलाच्या डॉक्टरांना आपल्या खेळाची कल्पना देऊन रक्तातल्या शिशाची तपासणी करावी का, हे विचारून घ्यावे. आपली स्वतःची तपासणी तर वर्षातून एकदा व्हावीच.

आता द्रावक. आपल्या गरजेला पाण्यात मिसळणारी तेलयुक्त द्रावके चांगली जमतात. जर्मनीत विसाव्या शतकाच्या आरंभी सैन्यासाठी तयार झालेले बॅलिस्टॉल हे त्यांतले जुने नाव. ते पाण्यात मिसळले की दुधासारखे पांढरे होते, वाफ कमी करते, आणि पाणी उडून गेल्यावर मागे तेलाचा थर ठेवते. मात्र ते बाटलीतले द्रवरूप घ्यावे, फवाऱ्याचा डबा नको, कारण त्या डब्यात ज्वलनशील वायू असतो. .२२ च्या गोळ्यांवर मेणाचा थर असल्याने नळीत मेण आणि शिसे साचते, तांबे साचत नाही, म्हणून अमोनियाचे द्रावक आपल्यालाही नको. स्पर्धेच्या पिस्तुलाची हाताच्या मापाने कोरलेली अक्रोडाची मूठ आधी उतरवून बाजूला ठेवावी. एकदा लाकडात तेल मुरले की ते निघत नाही, आणि मूठ घामट हातात सटकू लागते.

माझा सर्वांत जास्त आग्रह बाटलीविषयी आहे. द्रावक कधीही पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ओतून ठेवू नये. आपल्याकडे लहान मुलांना रॉकेलची बाधा होते ती बहुतेक वेळा पाणी समजून घेतलेल्या एका घोटाने. असे झालेच, तर मुलाला उलटी करायला लावू नये. रॉकेल आणि टर्पेंटाइन पोटापेक्षा फुप्फुसात गेल्यावर जास्त घातक असते, आणि उलटी होताना नेमके तेच घडते. दूध, मीठ-पाणी, काहीही न देता मूळ बाटली सोबत घेऊन थेट रुग्णालयात जावे.

प्रश्न : आजोबांचे निकेलचा चकचकीत मुलामा असलेले रिव्हॉल्व्हर निवडणुकीच्या आचारसंहितेत पोलीस ठाण्यात जमा केले होते. चामड्याच्या म्यानासह कापडात गुंडाळून दिले, परत मिळाले तेव्हा त्यावर गंजाचे ठिपके होते. घरातली पितळी भांडी चिंच-मिठाने लख्ख होतात, तसे करावे काय? तांबे काढणारे एक परदेशी द्रावकही मित्राने दिले आहे. — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : चिंच-मीठ लावू नये. चिंचेतले आम्ल पितळेवरचा ऑक्साइडचा थर खाते म्हणून पितळ उजळते. पोलादावर ते पोलादही खाते आणि मीठ नंतर गंजाला आमंत्रण देत राहते. निळसर-काळा मुलामा असलेल्या शस्त्रावर तर लिंबू, व्हिनेगर, किंवा गंज काढण्याचे बाजारी आम्लयुक्त औषध काही मिनिटांत रंगच उडवते, कारण तो मुलामा स्वतःच लोखंडाचा ऑक्साइड असतो.

मित्राने दिलेले द्रावकही बाजूला ठेवावे. निकेलच्या मुलाम्याखाली पुष्कळदा तांब्याचा पातळ थर दिलेला असतो. मुलाम्याला कुठे टाचणीच्या टोकाएवढे भोक पडले असेल, तर अमोनिया तिथून आत शिरतो, खालचे तांबे विरघळवतो आणि निकेल पापुद्र्यासारखे सुटू लागते. आपल्या रिव्हॉल्व्हरवर गंजाचे ठिपके आहेत, याचाच अर्थ अशी भोके आहेत.

अमोनिया आणि पितळ यांचे वैर आपल्या देशातच प्रथम ठळकपणे पुढे आले, हे पुष्कळांना माहीत नसते. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातल्या सैन्याची काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांजवळ साठवली जात, आणि न वापरताच त्यांच्या पितळी नळकांड्यांना तडे जात. कोरड्या हवेत ते थांबे, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा सुरू होई. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि नळकांडे घडवताना पितळेत राहून गेलेला ताण, या दोघांच्या संगनमताने हे तडे जातात, याचा उलगडा १९२१ मध्ये झाला. त्यामुळे अमोनियाचे द्रावक, आणि फरशी पुसायचे अमोनियायुक्त औषधसुद्धा, काडतुसांच्या कपाटात ठेवू नये. ते ब्लीचिंगच्या द्रावणाजवळही नको, कारण दोन्ही एकत्र झाल्यास विषारी क्लोरामाइन वायू सुटतो.

ठिपक्यांवर पातळ खनिज तेल लावून एक रात्र ठेवावे आणि सकाळी मऊ सुती कापडाने हलके चोळावे. एवढ्याने जो गंज निघेल तो निघेल. त्यापुढे काथ्या, तारेची घासणी किंवा भांडी घासायची पावडर वापरली तर उरलेला मुलामाही जाईल. गंज कायम राहिला तर दुरुस्तीचा परवाना असलेल्या बंदूकवाल्याला दाखवावे.

आपली खरी अडचण मात्र चामड्याची दिसते. चामडे कोकणच्या हवेत पाणी धरून ठेवते, आणि ते कमावताना वापरलेली आम्ले व क्षार मुलाम्याला झोंबतात. पुढच्या वेळी जमा करण्याआधी नळी आणि सिलिंडर टर्पेंटाइनने साफ करून, कोरडे करून, बाहेरून-आतून जाडसर तेल किंवा पांढरे व्हॅसलीन लावावे, म्यान घरीच ठेवावे, शस्त्र तेल लावलेल्या कागदात गुंडाळून सिलिका जेलच्या पुड्यांसह द्यावे, आणि जमा करताना पावतीवर शस्त्राचा क्रमांक आणि स्थिती लिहून घ्यावी. परत आल्यावर तो जाड थर टर्पेंटाइनने पूर्ण काढल्याशिवाय त्यातून गोळी झाडू नये.

प्रश्न : खोबरेल तेल नैसर्गिक आहे, मग साफसफाईला आणि वंगणाला तेच सर्वांत सुरक्षित नाही का? — एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : त्वचेला सुरक्षित आहे, यंत्राला नाही. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठते, आणि थंडीतल्या सकाळी शस्त्राच्या घोड्याच्या (हॅमरच्या) व चापाच्या सांध्यात त्याचा मेणासारखा गोळा होतो. हवेत राहून ते खवट होते, म्हणजे त्यात आम्ले तयार होतात. जवसाचे तेल याहून वाईट, कारण ते सुकून वार्निशसारखे कडक होते. काजळी सोडवण्याची ताकद दोघांतही नाही.

प्रश्न : पिस्तुलाची चौकट प्लास्टिकची असेल तर? — एक वाचक, ठाणे

उत्तर : आधुनिक पिस्तुलांच्या चौकटी बहुधा काचतंतूंनी बळकट केलेल्या नायलॉनच्या असतात आणि त्या टर्पेंटाइनला, खनिज तेलाला चांगल्या टिकतात. जपायचे ते इतर सुट्या भागांना, म्हणजे रबराची मूठ, नेम धरायच्या लाल-हिरव्या ठिपक्यांच्या खुणा, पारदर्शक प्लास्टिकचे भाग. ॲसिटोन यांतल्या बऱ्याच गोष्टी विरघळवतो किंवा पांढऱ्या पाडतो. नखांचा रंग काढायच्या बाटलीत पुष्कळदा ॲसिटोनच असते, म्हणून ती या कामाला घेऊ नये. उत्पादकाच्या पुस्तिकेत द्रावकाविषयी सूचना असेल तर ती माझ्या उत्तरापेक्षा वरची मानावी.

प्रश्न : इंटरनेटवर व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळून नळीतले शिसे झटक्यात काढतात. आपले मत? शिवाय वापरलेल्या चिंध्या आणि उरलेले द्रावक कुठे टाकावे? — एक वाचक, नाशिक

उत्तर : मत स्पष्ट आहे : करू नये. शिसे निघते हे खरे, पण ते नाहीसे होत नाही, त्याचे लेड ॲसिटेट होते. धातूरूपातले शिसे त्वचेतून फारसे आत जात नाही. पाण्यात विरघळणारे हे लवण मात्र शरीरात अधिक सहज शिरते, आणि ते वाटीत, मोरीत, बोटांवर सगळीकडे पसरते. मिश्रण थोडा वेळ जास्त राहिले तर नळीचे पोलादही खाऊ लागते. ब्राँझचा ब्रश आणि थोडा धीर यांनी तेच काम होते.

काळ्या झालेल्या चिंध्या आधी बाहेर मोकळ्या हवेत, ज्योतीपासून दूर, वाळू द्याव्यात आणि झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात साठवाव्यात. त्या जाळू नयेत. धुरातून शिसे पुन्हा हवेत येते. उरलेले द्रावक मोरीत किंवा गटारात ओतू नये. ते घट्ट झाकणाच्या, नाव लिहिलेल्या बाटलीत ठेवले तर एक-दोन दिवसांत काजळी तळाशी बसते आणि वरचे स्वच्छ द्रावक पुढच्या खेपेला पहिल्या धुण्यासाठी चालते. तळचा गाळ आणि डब्यातल्या चिंध्या ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता, रंगाचे डबे आणि जुन्या बॅटऱ्या जिथे देता त्या घरगुती घातक कचऱ्यात, वेगळ्या पिशवीत बांधून द्याव्यात.